सूत, रंग आणि खतावणी

नाशिकजवळच्या पांडवलेण्यांपैकी दहाव्या लेण्यात, क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने कोरविलेला जो लेख आहे, तो बहुतेक लोक दानलेख म्हणून वाचतात आणि त्यातील रकमा पुण्याच्या खाती जमा करून पुढे जातात. परंतु ज्याने एखाद्या विणकर सोसायटीच्या कार्यकारी मंडळावर काही वर्षे काढली आहेत आणि मार्चअखेरीस बँकेच्या अधिकाऱ्यापुढे बसून आपली कैफियत मांडली आहे, त्याला त्या लेखात पुण्यापेक्षा निराळेच काही दिसते. वर्षावासासाठी लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंकरिता उषवदाताने 3000 कार्षापणांची अक्षयनीवी ठेवली, आणि ठेवली कोठे, तर गोवर्धन येथील कोलिकांच्या, म्हणजे विणकरांच्या, दोन निकायांकडे : एकाकडे 2000, दरमहा दरशेकडा एक या दराने, आणि दुसऱ्याकडे 1000, दरमहा दरशेकडा पाऊण या दराने. मुद्दल परत मागावयाचे नाही, व्याज तेवढे भोगावयाचे, असे स्पष्ट नमूद करून हा व्यवहार निगमसभेत ऐकविला गेला व फलकावर नोंदविला गेला. दोन हजारांचे व्याज महिन्याला 20, वर्षाला 240. आणि वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी 12 याप्रमाणे ते नेमके फिटते, एक कार्षापण उरत नाही की कमी पडत नाही. हा हिशेब ज्याने बसविला तो धर्मात्मा असेल वा नसेल, कारकुनीत मात्र पक्का होता.

या लेखाचे महत्त्व असे की, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात एका राजपुरुषाला आपली कायमची ठेव ठेवण्यास योग्य असे जे स्थान वाटले, ते विणकरांचा संघ हे होते. जुन्नरच्या लेण्यांत बुरूड, कासार व धान्याचे व्यापारी यांच्या श्रेणींची नावे आढळतात. नाशिकलाच दुसऱ्या एका लेखात कुंभार व तेली यांच्या श्रेणी भेटतात. म्हणजे ही गोष्ट अपवादात्मक नव्हती. आणि आज त्याच गोदावरीच्या खोऱ्यात, येवले-पैठणच्या पट्ट्यात, विणकरांची एखादी सोसायटी उधार सूत मागावयास गेली तर व्यापारी अगोदर जामीन विचारतो. या दोन टोकांच्या मध्ये काय घडले, आणि सूत कातणारे, विणणारे व रंगविणारे लोक एकत्र येऊन जो संघ उभारतात तो कशाने टिकतो व कशाने मोडतो, या प्रश्नाचा येथे आढावा घ्यावयाचा आहे. माझा समज, अनुभवाअंती बनलेला, असा आहे की कसब गेल्यामुळे संघ क्वचितच मोडतो. सूत खरेदी केल्या दिवसापासून कापडाचे पैसे हाती येईपर्यंतचा जो काळ असतो, तो काळ आणि त्या काळात होणारे नुकसान कोणी सोसावयाचे हे ज्या दिवशी अनिश्चित होते, त्या दिवशी तो मोडावयास लागतो.

टिकण्याची गोष्ट निघाली म्हणून मंदसोरच्या लेखाचे स्मरण अपरिहार्य आहे. लाट देशातून, म्हणजे दक्षिण गुजरातेतून, रेशीम विणणाऱ्यांची एक श्रेणी दशपुरास, म्हणजे आजच्या मंदसोरास, येऊन स्थायिक झाली आणि तिने मालव संवत् 493 मध्ये, पहिल्या कुमारगुप्ताच्या अमदानीत, सूर्याचे मंदिर बांधले. त्यांच्यापैकी काही धनुर्विद्येकडे वळले, काही ज्योतिषाकडे, काही कथा सांगण्याकडे. तरीही श्रेणी श्रेणीच राहिली. पुढे मंदिराची पडझड झाली तेव्हा संवत् 529 मध्ये त्याच श्रेणीने ते पुन्हा उभे केले आणि वत्सभट्टीकडून हा लेख रचून घेतला. मला या प्रकरणात मंदिराच्या बांधणीपेक्षा डागडुजीचे कौतुक अधिक वाटते. उत्साहाच्या भरात वास्तू बांधणारे संघ पुष्कळ असतात; छत्तीस वर्षांनी, पहिले उत्साही लोक बहुधा दिवंगत झाल्यावर, गवंड्याची मजुरी एकमताने मंजूर करणारे विरळा.

आता वजनकाट्याकडे येऊ, कारण विणकरांच्या संघातील निम्मे कज्जे तेथे जन्मतात. संघ विणकराला सूत वजनाने देतो आणि त्याच्याकडून कापड घेतो. मधल्या मध्ये सूत तुटते, कांडी भरताना गुंता टाकावा लागतो, आणि उलट बाजूने पांजणीची खळ सुतात बसून कापडाचे वजन वाढते. पांजणी ज्याने पाहिली असेल त्याला हे चटकन कळेल : पहाटे, ऊन चढण्यापूर्वी, गल्लीच्या लांबीइतका ताणा ताणलेला, दोन्ही बाजूंनी माणसे कुंचे घेऊन चाललेली, आणि खळ धाग्याधाग्यावर सारखी बसावी म्हणून एकसारखा हात फिरत असलेला, ती लवकर सुकली तर धागा कडक होऊन तुटतो, उशिरा सुकली तर धागे परस्परांना चिकटतात. ही वाढ जुन्या शास्त्रकारांनी अंकांत बसविली होती. दहा पल सूत घेणाऱ्या विणकराने अकरा पल कापड परत करावे, न केल्यास दंड द्यावा, असे मनुस्मृती सांगते. याज्ञवल्क्य अधिक व्यवहारज्ञ, तो जाड, मध्यम व बारीक सुतासाठी शंभर पलांमागे दहा, पाच व तीन अशी निरनिराळी वाढ ठरवितो. जाड सूत खळ जास्त पिते, बारीक कमी, हे त्याला कोणा विणकरानेच सांगितले असले पाहिजे. कौटिल्याचा सूत्राध्यक्ष तर त्याहून पुढचा : सूत जाड, मध्यम की बारीक ते पाहून मजुरी ठरविणारा, सरस काम करणाऱ्या कातणारणींना डोके-डोळे थंड राहावेत म्हणून तेल व आवळ्याचे उटणे देणारा, घराबाहेर न पडणाऱ्या विधवांना दासींकरवी काम पोहोचविणारा, आणि भल्या पहाटे सूत द्यावयास आलेल्या स्त्रीचे तोंड न्याहाळणाऱ्या किंवा कामाखेरीज दुसरे बोलणाऱ्या अधिकाऱ्यास दंड सांगणारा. आमच्या सोसायटीच्या उपविधींत घटीचे प्रमाण सरसकट एकच होते. जाड सुताच्या विणकराला त्यात फायदा होई आणि बारीक सुताच्या विणकराला तोटा, आणि त्यामुळे बारीक सूत घेण्यास कोणी तयार होईना. त्या एका कलमामुळे गावातील उत्तम विणकाम हळूहळू बाहेर गेले, आणि आम्ही मात्र बाजाराला दोष देत बसलो.

रंगाऱ्याचा प्रश्न याहून नाजूक. आपल्याकडे साळी, कोष्टी, देवांग, पद्मशाली, मोमीन हे विणणारे, आणि रंगारी, निळारी, भावसार, खत्री हे रंगविणारे व छापणारे, अशी जातिनिहाय विभागणी असल्यामुळे एकाच संघात सूत आणि रंग दोन्ही नांदविणे हे परंपरेने सिद्ध नव्हते. ते विसाव्या शतकातील सहकाराने योजिले. रंग हा संघातील असा विभाग आहे की ज्याचे ज्ञान हिशेबाच्या वहीत उतरत नाही. निळीचा रांजण पाहा : चुना, गूळ आणि टाकळ्याचे बी घालून तो आंबवावा लागतो, थंडीत त्याला ऊब द्यावी लागते, वास आणि फेस पाहून त्याची प्रकृती ओळखावी लागते, त्यातून लड बाहेर निघते तेव्हा ती पोपटी-पिवळी असते आणि वारा लागताच पाहणाऱ्याच्या देखत निळी होत जाते. तांबड्यासाठी आलेची मुळी किंवा मंजिष्ठ, त्याआधी हिरडा व तुरटी यांचे संस्कार. काळ्यासाठी लोखंडाचा गंज आणि गूळ. 1856 साली पर्किनने कृत्रिम जांभळा रंग शोधला, 1868 च्या सुमारास जर्मनीत कृत्रिम अलिझारिन सिद्ध झाले, आणि 1897 साली कृत्रिम नीळ बाजारात आली; चाळीसेक वर्षांत आलेचे मळे उजाड झाले आणि निळाऱ्याचे कुलगुह्य डब्यात भरून तोळ्यामाशाने विकले जाऊ लागले. तरीही रंगाऱ्याची गरज संपली नाही, कारण डबा सर्वांना एकच मिळतो, पाणी मात्र प्रत्येक गावचे निराळे.

याचा मासला आमच्याच पदरी आहे. एका दुकानाकडून किरमिजी रंगाच्या 24 साड्यांची मागणी आली. बाण्याचे सूत दोन दिवशी, दोन भांड्यांत रंगविले गेले. दुसऱ्या दिवशी विहिरीचे पाणी आटल्यामुळे नळाचे वापरले. ओल्या लडी पाहताना कोणालाही भेद दिसला नाही. सुकल्यावर दोन्ही गठ्ठे एकाच खुंटीवर, चिठ्ठीवाचून टांगले गेले, त्यांच्या कांड्या एकाच टोपलीत भरल्या गेल्या, आणि विणलेल्या साडीत वीतवीतभर अंतराने एक फिका आडवा पट्टा उमटू लागला. नऊ साड्या परत आल्या. सभेत विणकर म्हणाला, मला कांडी दिली तशी मी धोट्यात घातली. रंगारी म्हणाला, रंग माझा एकच, पाणी तुमचे दोन. चिटणीस म्हणाले की अशा नुकसानीविषयी उपविधींत तरतूद नाही. दोन तास खल होऊन अर्धा तोटा सोसायटीच्या माथी आणि उरलेला रंगारी व विणकर यांच्या पुढील मजुरीतून, असा फडशा झाला. कांड्या भरणाऱ्या बाईंना कोणी काही विचारले नाही, कारण त्या सभासद नव्हत्या. दोन गठ्ठ्यांतला फरक त्यांना कांड्या भरतानाच दिसला होता, हे आम्हाला पुष्कळ दिवसांनी कळले.

असा तोटा पूर्वी कोण सोसत होते? सावकार, हे त्याचे प्रामाणिक उत्तर. गिरणीचे सूत आल्यापासून, आणि नागपुरात 1877 च्या 1 जानेवारीस एम्प्रेस मिल सुरू झाली तेव्हापासून तर आमच्या मुलखात विशेषच, कातणारणीचा चरखा बंद पडला आणि विणकर सुतासाठी दुकानावर अवलंबून राहू लागला. दुकानदार उधार सूत देई, तयार कापड आपल्याच दराने घेई, आणि मधला काळ स्वतःच्या भांडवलावर रेटून नेई. त्याबद्दल जे घ्यावयाचे ते तो भरपूर घेई. गोखले अर्थशास्त्र संस्थेने प्रसिद्ध केलेली ना. म. जोशी यांची 1936 ची दख्खनच्या नागरी हस्तव्यवसायांची पाहणी आणि रा. गो. काकडे यांची 1947 ची सोलापूरच्या विणकर समाजांची पाहणी ज्यांनी वाचली असतील, त्यांना या परावलंबनाच्या पायऱ्या परिचित आहेत : स्वतंत्र विणकर, मजुरीवर विणणारा, आणि अखेर कारखानदाराच्या मागावर बसणारा. सावकाराला शिव्या देणे सोपे आहे, आणि त्या त्याने कमावल्याही आहेत. परंतु त्याची जागा घ्यावयाची म्हणजे त्याचे कामही घ्यावयाचे, हे 1904 व 1912 च्या सहकारी कायद्यांनंतर निघालेल्या अनेक सोसायट्यांनी ध्यानात घेतले नाही. सहकाराचे आद्यपीठ म्हणून ज्या रॉचडेलचे नाव आपले कार्यकर्ते घेतात, तेथील 1844 च्या अठ्ठावीस प्रवर्तकांत फ्लॅनेल विणणारे बरेच होते, आणि त्या मंडळींनी माग न मांडता पीठ, लोणी आणि साखर यांचे दुकान मांडले. रोज विकला जाणारा जिन्नस त्यांनी निवडला, हे त्यांचे शहाणपण सांगावयास आपले वक्ते विसरतात.

आकडा मांडल्याशिवाय ही गोष्ट पटत नाही, म्हणून समजा एका संघाचे वीस माग आहेत. एका ताण्यात दहा साड्या निघतात व त्यास दीड महिना लागतो. एका साडीस सूत व रंग मिळून 600 रुपये आणि मजुरी 900 रुपये पडते. दर दीड महिन्यास 3 लाख रुपये गुंतले. कापड विकून पैसे हाती येण्यास सहा महिने लागत असतील तर पहिला रुपया परत येण्यापूर्वी 12 लाख बाहेर पडलेले असतात. सभासदांचे भागभांडवल प्रत्येकी हजार धरले तरी 20 हजार. हे मधले अंतर बँक भरते, परंतु तिची मुदत बारा महिन्यांची, आणि कापडाचा हंगाम दसरा-दिवाळी व लग्नसराईचा. गोवर्धनच्या कोलिकांजवळ 3000 कार्षापण होते, आणि ते कधीही परत द्यावयाचे नव्हते. सालाना बारा व नऊ टक्के हा काही स्वस्त दर नव्हे. दर स्वस्त असण्याची निकड नव्हती, मुदत नसणे हेच त्यांचे खरे भांडवल होते.

खादीने याच प्रश्नाला दुसऱ्या अंगाने हात घातला. 1925 च्या सप्टेंबरात पाटण्यास अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला, आणि कापूस देणे, सूत घेणे, विणून घेणे, रंगविणे व भांडारात विकणे ही साखळी प्रथमच एका खतावणीत आली. 640 तारांची गुंडी, चार फुटांची तार, असे मापही ठरले. परंतु कातणारणीची मजुरी इतकी अल्प होती की खादी स्वस्त ठेवणे म्हणजे तिच्या पोटावर ठेवणे होय, हे 1935 साली गांधीजींनी संघाला ऐकविले आणि किमान जीवनवेतनाचा आग्रह धरला. खादी महाग झाली, विक्रेते धास्तावले, पण आग्रह राहिला. पुढे तुरुंगातून सुटल्यावर 1944 साली सेवाग्रामास त्यांनी याहून कठोर गोष्ट काढली : विकण्यासाठी खादी हा मार्गच चुकला, खेड्याने आपल्यापुरते कातावे व विणावे, आणि 1945 पासून खादीच्या किमतीचा काही हिस्सा हातसुताच्या रूपाने द्यावा असा नियम झाला. शहरातील गिऱ्हाईक सूत कोठून आणणार, अशी कुरकुर झाली व ती स्वाभाविकच होती. पण त्या नियमामागे एक निखळ हिशेब होता. बाजारासाठी कापड करणाऱ्या संघाचे गणित एक, स्वतःसाठी कापड करणाऱ्या संघाचे दुसरे. इंग्लंडात कातणाऱ्या, विणणाऱ्या व रंगविणाऱ्या हौशी मंडळींच्या गिल्डांचा मध्यवर्ती संघ 1955 पासून आहे. तेथे वर्गणी गोळा करावयाची, सभागृहाचे भाडे द्यावयाचे, शिकवणी व प्रदर्शन भरवावयाचे, आणि मागावर कोणाचे पोट नाही, म्हणून न विकलेल्या कापडाची भीतीही नाही. आमच्याकडे मात्र दोन्ही गणिते एका पाटीवर मांडण्याची सवय पडली : पोट मागावर, आणि व्यवस्थापन हौसेवर.

स्वातंत्र्यानंतर सरकारने जे केले त्याचे वर्णन फार थोडक्यात आटोपते, कारण त्यातील बरेचसे उद्दिष्टाने उत्तम आणि परिणामी एकसारखे होते. 1953 साली गिरणीच्या कापडावर दर वारी 3 पै उपकर बसवून तो पैसा खादी व हातमागाकडे वळविला. सणासुदीस विक्रीवर सूट देऊन ती रक्कम सरकारने सोसायटीला भरून द्यावी अशी पद्धत पडली. 1976 मध्ये हातमागावर स्वस्त, जाडेभरडे कापड विणून घेण्याची जनता कापडाची योजना निघाली. 1985 च्या कायद्याने 22 प्रकारचे कापड हातमागासाठी राखून ठेवले, ती संख्या पुढे 11 वर आली. सूतगिरण्यांनी आपल्या सुताचा ठराविक भाग हातमागांसाठी लडीच्या रूपात काढावा अशी सक्ती होती, ती पन्नास टक्क्यांवरून चाळीसवर आणि पुढे तीसवर उतरली. लडीचे सूत पुष्कळदा कोनावर चढून यंत्रमागाकडे जाई, हे सर्वांना ठाऊक होते. सवलतीची मौज अशी की गिऱ्हाईक सुटीच्या पंधरवड्याखेरीज फिरकेनासे झाले, आणि सुटीचा पैसा सरकारदरबारातून येईपर्यंत सोसायटीच्या कर्जावर व्याज चढत राहिले. जनता कापडाने मागांना बारमाही काम दिले हे खरे, परंतु विकण्याची विवंचना सरकारने घेतल्याबरोबर गिऱ्हाईक ओळखण्याची कलाही सरकारजमा झाली. योजना संपली तेव्हा सोसायटीजवळ जाड धोतरे विणणारे हात उरले होते आणि ती घेणारा कोणी नव्हता. कागदावरच्या सोसायट्यांविषयी लिहीत नाही. त्यांचे माग दप्तरातच चालत.

यंत्रमागाची कथा समांतर आहे. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीस पहिला यंत्रमाग आणला, जहागीरदार नारायणराव घोरपडे यांचे त्यांना पाठबळ होते. आज त्या शहरात ज्याच्याजवळ माग आहे पण सूत घेण्यास भांडवल नाही, त्याला खर्चीवाला म्हणतात. तो व्यापाऱ्याचे सूत मजुरीने विणून देतो. वीज आली, वेग वाढला, आणि जोशी-काकड्यांच्या पाहणीतील मधली पायरी जशीच्या तशी राहिली. मागाला मोटार लावल्याने सुताचे पैसे उभे राहत नाहीत.

चांगली उदाहरणे नाहीत असे नाही. वर्ध्याच्या मगन संग्रहालयाने, जे 1938 साली गांधीजींच्या हस्ते उघडले, कापसापासून वनस्पतिजन्य रंगापर्यंतचा क्रम एका आवारात राखला आहे. अहिल्याबाईंच्या महेश्वरात 1979 साली होळकर घराण्यातील दांपत्याने काढलेल्या रेवा सोसायटीने माग पुन्हा चालविले, आणि मागाबरोबर विणकरांच्या मुलांची शाळा व घरे हीही आपल्या खर्चात धरली. या दोन्ही ठिकाणी न विकलेले कापड काही काळ सांभाळू शकेल असे कोणी तरी पाठीशी होते. आणि गिऱ्हाईक कोण हे त्यांना नावानिशी माहीत होते. स्थानिक संघाला एवढा आधार कोठून मिळावा? माझ्या मते नफ्यातून दरवर्षी एक हिस्सा कोणत्याही सबबीवर न वाटता ‘परत न द्यावयाचा’ म्हणून बाजूस टाकणे, आणि बिघडलेल्या मालाचा तोटा कोणावर किती हे माल बिघडण्यापूर्वी लिहून ठेवणे, या दोन गोष्टी वीस मागांच्या संघालाही अशक्य नाहीत. आम्ही पहिली आठ वर्षांपूर्वी सुरू केली. दुसरी त्या नऊ साड्यांनंतर.

राहता राहिला सभासदत्वाचा मुद्दा. 2019-20 च्या हातमाग गणनेत देशात विणकर व सहकामगार मिळून 35.22 लाख लोक मोजले गेले आणि त्यांत सुमारे 72 टक्के स्त्रिया निघाल्या. आमच्या सभासद नोंदवहीत एकही नव्हती. लड उकलणे, कांड्या भरणे, खळ शिजविणे, तुटला ताणा सांधणे ही कामे घरातल्या बाईची, आणि मजुरी घेणारा अंगठा किंवा सही घरातल्या पुरुषाची, ही वहिवाट सावकाराच्या काळापासून चालत आली आणि सहकाराने ती जशीच्या तशी उचलली. कौटिल्याच्या सूत्राध्यक्षाला निदान कातणारणीच्या हातात पैसे द्यावे लागत होते.

त्या किरमिजी साड्यांच्या प्रकरणानंतर कांड्या भरणाऱ्या बाईंनी, कोणी न सांगता, एक पद्धत सुरू केली आहे : रंगाच्या प्रत्येक भांड्यातून निघालेल्या लडींना त्या वेगळ्या रंगाचा दोरा बांधतात, आणि एका दोऱ्याच्या कांड्या संपल्याखेरीज दुसऱ्या दोऱ्याला हात लावत नाहीत. तेव्हापासून पट्ट्याची एकही साडी परत आलेली नाही. गेल्या वार्षिक सभेत त्यांनी व आणखी दोघींनी भागाची रक्कम सोबत जोडून सभासदत्वाचे अर्ज दिले. एका ज्येष्ठ सभासदाने हरकत घेतली की एकाच घरातून दोन मते होतील; दुसऱ्याने विचारले की आजवर एका घराचे दोन हात फुकट राबत होते ते कोणत्या कलमाखाली. बरीच बोलाबोली झाली. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहून ‘उपविधी तपासून पुढील सभेत विचारार्थ’ अशी मखलाशी केली आणि भागाची रक्कम अनामत खाती जमा धरून चिटणिसांनी तिघींना पावत्या फाडून दिल्या.

सभा सुटल्यावर मी वखारीत डोकावलो तेव्हा खुंट्यांवर उद्याच्या लडी लटकत होत्या. बाईंनी पावती घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली होती, आणि त्या हिरव्या दोऱ्याच्या लडी मोजत होत्या.